वासाचा रकाना

श्रीधर आगाशे यांचं नाक गेलं, ही गोष्ट त्यांनी दीड वर्ष लपवली. लपवायला फार कष्टही पडले नाहीत, कारण माणसाचं नाक गेलेलं दिसत नाही. डोळे गेले तर हातात काठी येते, कान गेले तर समोरचा ओरडायला लागतो. नाकाचं तसं नाही. करोनाच्या पहिल्या लाटेत ते गेलं. ताप उतरला, खोकला गेला, तोंडाची चव थोडीफार परत आली, वास मात्र आला नाही. डॉक्टर आधी म्हणाले महिन्याभरात येईल, मग म्हणाले सहा महिन्यांत येईल, मग म्हणाले, या वयात आता वास घेऊन करायचंय काय तुम्हाला? डॉक्टर सदाशिव पेठेतलेच होते, दुसरं काय म्हणणार.

पण आगाशांना करायचं होतं. बासष्टाव्या वर्षी त्यांची नोकरी, त्यांचा मान, सगळं त्या नाकावरच उभं होतं. ते पाण्याचे केमिस्ट होते.

वारज्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी रानमळा नावाची वसाहत आहे. नाव रानमळा, रान नाही आणि मळाही नाही, तीन हजार फ्लॅट आहेत. त्यांना पाणी येतं ते मागच्या जुन्या तलावातून, आणि ते शुद्ध करणारं केंद्र वसाहतीच्या कंपनीचं आहे. उन्हाळ्यात तलाव उतरायला लागला की पाण्यावर शेवाळ धरतं. हे शेवाळ मोठं हट्टी. गाळ कसा, तुरटी घातली की मुकाट्यानं तळाशी जाऊन बसतो. शेवाळ हलकं, ते बसतच नाही. म्हणून त्याला उलट्या वाटेनं काढायचं. हवा दाबून भरलेलं पाणी टाकीत खालून सोडायचं. सोड्याची बाटली उघडावी तसं सगळं पाणी पांढरं होतं आणि त्या बारीक बुडबुड्यांना चिकटून शेवाळ वर येतं. वर जाड हिरवी साय धरते. ती फळीनं ओढून नालीत लोटायची आणि खालचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं. त्या टाकीचं इंग्रजी नाव चांगलं हातभर होतं. कामगार तिला सायीची टाकी म्हणत.

एवढं करून शेवाळ जातं, पण त्याचा वास कधीकधी पाण्यात विरघळून मागे राहतो. तो ना टाकीत वर येतो, ना वाळूत अडकतो. त्यावर कोळशाची बारीक पूड टाकावी लागते. पूड महाग, म्हणून रोज टाकत नाहीत. तलावाच्या पाण्याला वास असला तरच. आणि वास आहे की नाही हे सांगणारं यंत्र त्या केंद्रात नव्हतं. आगाशे होते. रोज सकाळी सात वाजता तलावाचं पाणी काचेच्या बुचाच्या चंबूत घ्यायचं, कोमट करायचं, हलवायचं, बूच काढून हुंगायचं आणि रजिस्टरात वासाच्या रकान्यात लिहायचं. त्या रकान्यावर तीन हजार घरांचं पाणी ठरत असे.

आगाशांनी आधी बत्तीस वर्षं एका प्रयोगशाळेत काढली होती. तिथे नवा साहेब आला की पाच चंबू झाकून ठेवत आणि आगाशांना बोलावत. आगाशे पाचही हुंगून कुठलं पाणी कुठल्या टाकीचं ते सांगत, आणि तोंडावरची माशीही न हलवता परत जागेवर जाऊन बसत. निवृत्त झाल्यावर रानमळ्यानं त्यांना घरी येऊन बोलावलं, ते त्या कीर्तीमुळेच. असा माणूस मला वास येत नाही हे कुठल्या तोंडानं सांगणार?

बायकोला मात्र कळलं होतं. सुहासिनीबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यांच्यापासून काय लपणार. एकदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं, घरभर वास सुटला, आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. त्यांनी गॅस बंद केला, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि समजल्या. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, की सांगून टाका आणि घरी या, पेन्शनमध्ये दोघांचं छान भागतं. आगाशे म्हणत, होईल बरं, येईल वास. पुढे पुढे बाईंनी तो विषय काढणंच सोडलं.

दीड वर्ष निभावलं कसं? तर बजरंगमुळे.

बजरंग सायीच्या टाकीवरचा कामगार, तिशीचा, तिथल्याच गावचा. जिथे टाकी उभी आहे ते वावर त्याच्या बापाचं. जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी द्यायचं ठरलं होतं, आणि कंपनीनं ती ठेकेदारामार्फत दिली, म्हणजे दिली असंही म्हणता येईल आणि नाही असंही. आगाशांनी पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, तोंडात काय आहे? तंबाखू. मग पाण्याजवळ यायचं नाही, म्हणाले. पंधरा दिवसांत पठ्ठ्यानं तंबाखू सोडली आणि येऊन उभा राहिला, आता शिकवा. बत्तीस वर्षांत आगाशांकडे असं कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी त्याला सगळं शिकवलं. साबणाच्या हातानं चंबू धरायचा नाही. एकदम ओढून हुंगायचं नाही, आधी थोडं, मग खोल. ओल्या पोत्याचा वास वेगळा, माशाचा वेगळा, गवताचा वेगळा. शेवाळ मारून काढायचं नाही, जिवंत आहे तोवर अख्खं वर आणायचं. मेलं की फुटतं आणि पोटातली सगळी घाण पाण्यात सोडतं. बजरंग ऐकत असे आणि दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं म्हणून दाखवत असे.

करोनानंतर आगाशे कामावर आले आणि हा बजरंग एकाएकी बडबड्या झाला. चंबू टेबलावर ठेवता ठेवताच म्हणायचा, आज लई कुबट मारतंय सायेब, भिजल्या पोत्यावानी. किंवा, आज काय न्हाई, नितळ हाय. आगाशे ऐकून न ऐकल्यासारखं करत, चंबू नाकाशी धरत, डोळे मिटत आणि रकान्यात लिहीत. मनातून म्हणत, बरा भेटला हा भाबडा, आपलं काम होतंय आणि याला पत्ता नाही. एकदा तर उगाच दरडावलं, मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बजरंग हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोललाच.

मग आला चैत्र, आणि बजरंगच्या गावची यात्रा. भैरवनाथाच्या यात्रेला गावचा एकही माणूस कामावर थांबत नाही, नोकरी गेली तरी चालेल. पण त्या वर्षी बजरंग रजेचा अर्ज हातात धरून टेबलासमोर घुटमळत राहिला.

"सायेब, यंदा नको जाऊ का?"

"का? तू गेलास तर तलाव आटणार आहे?"

तसं न्हाई, पर सकाळच्या सँपलला, असं काहीतरी तो पुटपुटला. आगाशांनी सही केली आणि सँपलला मी आहे म्हणून त्याला वाटेला लावलं. जाण्याआधी संध्याकाळी त्यानं अनवाणी उतरून सायीच्या सगळ्या नाल्या ब्रशनं घासून काढल्या. आगाशांनी खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हा घरच्या न्हाणीघरासारखी धुतोय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी बदलीवर संपत नावाचा माणूस आला. त्यानं चंबू आणून टेबलावर ठेवला आणि चकार शब्द न बोलता निघून गेला. आगाशांनी बूच काढलं. नाकाला कोमट काच लागली, बाकी काही नाही. त्यांनी पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. नेहमीचेच चार हिरवे धागे. पण वास सोडणारं शेवाळ पुष्कळदा पाण्यात दिसतच नाही, ते तळाच्या चिखलावर आणि दगडांवर धरतं. हे आगाशांना ठाऊक होतं. त्यांनीच बजरंगला शिकवलं होतं.

कुणालाही विचारता आलं असतं. संपत होता, वॉचमन होता, झाडणारी बाई होती. वास यायला काही पदवी लागत नाही. आगाशे चंबू घेऊन दारापर्यंत गेलेसुद्धा. वॉचमन उठून उभा राहिला, काय सर? आगाशांनी त्याला पेपर आला का म्हणून विचारलं आणि परत फिरले. ज्याचं नाक बघायला साहेब लोक जमत, त्यानं वॉचमनपुढे चंबू धरायचा? नाही जमलं. त्यांनी रकान्यात लिहिलं, वास नाही. दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. कोळशाची पूड पोत्यांतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून रानमळ्याच्या नळांना घाण वास यायला लागला. माणसं बाटल्या भरून फाटकाशी आली. काही लहान मुलांना उलट्या झाल्या, कुणी नुसत्या वासानं झाल्या म्हणालं, कुणी पाण्यानं. तीन दिवस टँकर आणावे लागले. केंद्राची मॅनेजर हेमा, कामात चोख मुलगी, तिनं एक बाटली आगाशांच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, सर, हा वास तुम्हाला आला नाही? आगाशांनी बाटली नाकाशी धरली आणि म्हणाले, हा आत्ता येतोय, सकाळी तलावाच्या पाण्याला नव्हता. खोटं इतकं सहज बाहेर पडलं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

आता बघा, त्या एका वाक्यातून पुढचं कसं सरळ येत गेलं. तलावाच्या पाण्याला वास नव्हता. केमिस्टनं तसं दोन दिवस लिहून ठेवलंय, आणि केमिस्ट कोण, तर आगाशे. म्हणजे वास केंद्रातच लागला. केंद्रात कुठे लागेल? काढलेली साय नालीत कुजून परत पाण्यात उतरली असली तर. नाल्या धुण्याचं काम कुणाचं? बजरंगचं, बदलीच्या माणसाचं नव्हे. आणि बजरंग तर यात्रेला गेला होता. हिशेब इतका नेटका जुळला की कुणालाच तो पुन्हा तपासावासा वाटला नाही.

बजरंग यात्रेचा गुलाल कानामागे तसाच घेऊन चौकशीला आला. कंपनीचे दोन साहेब, हेमा, ठेकेदार, आगाशे, आणि टेबलाच्या टोकाला बजरंग. हेमानं रजिस्टर उघडलं.

"सर, ही एन्ट्री तुमचीच ना? तलावाच्या पाण्याला वास नव्हता?"

आगाशांना एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं, की मला दीड वर्ष वास येत नाही. सहा शब्द. बजरंग आपल्याकडे बघतोय हे त्यांना न बघताच कळत होतं, कानशिलाला ऊन लागावं तसं. त्यांनी रजिस्टरावरची नजर हलवली नाही.

"नव्हता," ते म्हणाले.

मग बजरंगला विचारलं, नाल्या धुतल्या होत्यास का. तो आगाशांकडेच बघत राहिला. ठेकेदारानं कागद पुढे सरकवला, नाल्या धुवायच्या राहिल्या असं लिहिलेला, आणि सही केलीस तर पोलिसांत जाणार नाही असं समजुतीच्या सुरात सांगितलं. बजरंगनं सही केली. त्याच दिवशी त्याला काढलं.

आगाशे घरी आले आणि जेवायला बसले. सुहासिनीबाई समोर बसून राहिल्या, आणि शेवटी आगाशांनी आपण होऊन सगळं सांगितलं. बाई रागावतील, अद्वातद्वा बोलतील असं त्यांना वाटलं होतं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "अहो, आजार झाला त्यात तुमचा काय दोष होता? आज मात्र दोष झाला." आणि ताट उचलून आत गेल्या. त्यानंतर आठ दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. आगाशे रोज केंद्रात जात, चंबू हुंगत, आणि आता संपतला विचारून लिहीत. विचारणं इतकं सोपं होतं. संपत सांगायचा आणि त्याला त्यात काही विशेषही वाटायचं नाही. हे सोपं होतं, हेच त्यांना सहन होईना.

नवव्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं. आडपडदा न ठेवता सगळं लिहिलं आणि हेमापुढे ठेवलं. तिनं दोनदा वाचलं. पोरगी वाईट नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. पण ती म्हणाली, सर, आता याचं मी काय करू? रहिवाशांना रिपोर्ट गेलाय. बजरंगनं स्वतः सही केलीय. आता कंपनीनं म्हणायचं का, की आमच्या केमिस्टला वासच येत नव्हता आणि आम्ही दीड वर्ष लोकांना पाणी पाजत होतो? अॅक्च्युअली सर, तुम्ही तब्येतीचं कारण द्या, मी लगेच रिलीव्ह करते. आणि बजरंग? आगाशांनी विचारलं. ठेकेदारानं त्या जागी माणूस घेतलाय, सर. तिनं पत्र हळूच घडी घालून त्यांच्याच हातात परत दिलं.

आगाशांनी राजीनामा लिहून दिला. मग ते घरी न जाता बजरंगच्या गावात गेले. गाव कसलं, रानमळ्याच्या भिंतीला चिकटून उरलेल्या दोन आळ्या. पाच वर्षांत ते तिथे पहिल्यांदाच जात होते.

दारात बजरंगची आई बायडाबाई गहू निवडत बसली होती. सायेब आल्याचं बघून ती लगबगीनं उठली, खुर्ची टाकली, पाणी दिलं. बजरंग हिंजवडीच्या कंपनीच्या बसवर लागलाय, म्हणाली, येईलच इतक्यात. पाणी टँकरचं हाय, बिनघोर प्या, वरच्या केंद्राचं आमच्याकडं येत न्हाई. तिनं हे सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. ज्याच्या वावरात टाकी, त्याच्या घरात तिचं पाणी नाही, हे आगाशांना त्या दिवशी कळलं. त्यांनी पेला रिकामा केला.

बजरंग आला तेव्हा उन्हं उतरली होती. अंगात बसवाल्यांचा खाकी शर्ट होता. आगाशांना बघून तो दारातच थांबला, मग पाय धुऊन आला आणि समोर जमिनीवर बसला. आगाशांनी किती वेळ मनात जुळवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. की करोनात माझं नाक गेलं. की त्या दोन्ही दिवशी मी न कळता लिहिलं. की तू नाल्या धुतल्यास हे मी पाहिलं होतं. सांगताना ते वाट बघत होते, की हा आता चकित होईल, मग चिडेल, मग जे काय बोलायचं ते बोलेल.

बजरंग चकित झाला नाही.

"मला ठावं हाय, सायेब," तो म्हणाला. "तुमी कामावर परत आला त्याच्या दुसऱ्या दिशी कळलं. क्लोरीनची नळी गळत व्हती, आमी समदी तोंडाला फडकी धरून पळालो, आन् तुमी तितंच उभं राहून पेन हुडकत व्हता."

आगाशांना ती रोजची बडबड आठवली. आज लई कुबट मारतंय. आज नितळ हाय. दीड वर्ष, एक दिवस न चुकता, दरडावल्यावरसुद्धा. आणि आपण मनात त्याला भाबडा म्हणत होतो.

"मग सांगितलं का नाहीस? चौकशीत तरी बोलायचंस."

"मी काय बोलू? चार मान्सांत म्हनू, ह्या सायबांचं नाक गेलंय? तुमच्याकडनं शिकलो मी. मला वाटलं, तुमी सांगशिला. सही करस्तवर मला वाटत व्हतं."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. बायडाबाई चहा करता करता ऐकत होती आणि रडतही होती. आगाशांनी हात जोडले, तर बजरंगनं घाईनं ते धरून खाली केले, म्हाताऱ्या माणसानं असं करू नये म्हणाला. ते त्याला सांगत राहिले, मी लेखी देतो, मी पेपरात देतो, तुझ्या ठेकेदाराला जाऊन भेटतो. बजरंग नको म्हणाला. बसवर बरं चाललंय, म्हणाला. आईला एवढंच वाईट वाटतं, की गावात लोक म्हणतात, यात्रेच्या नादात पोरानं पाणी नासवलं.

चहा झाला. आगाशे उठले. बजरंग आळीच्या तोंडापर्यंत सोडायला आला, रिक्षा थांबवली, ते आत बसेपर्यंत दांडा धरून उभा राहिला. तेव्हा त्यानं खालच्या आवाजात शेवटचं सांगितलं.

"सायेब, न्हाई सांगितलंत ते जाऊ द्या. भ्या वाटतं मान्साला. पर त्या दिशी तुमी माझ्याकडं एकदा बघितलंसुद्धा न्हाई."

आगाशांना म्हणायचं होतं, की बघितलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं. पण हे आता त्याला सांगून काय उपयोग होता? रिक्षावाल्यानं विचारलं, कुठे जायचं? बजरंगनंच त्याला सदाशिव पेठ सांगितलं आणि तो वळून घराकडे चालू लागला. आगाशे त्याच्याकडे बघत राहिले, पण त्याची पाठ होती.